स्ट्रायपरसाठी फ्लाय बांधताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की न्यू जर्सीच्या रॅरिटन बेमध्ये स्ट्राइप्ड बासची, म्हणजेच स्ट्रायपर माशाची, गडबड सुरू होते. चेसापीक बे आणि हडसन नदी ही त्याची अंडी घालण्याची मुख्य ठिकाणं. तिथून तो उन्हाळ्यात पार मेन राज्यापर्यंत वर जातो आणि थंडीच्या तोंडावर परत खाली येतो. एडिसन-आयसेलिनकडच्या आपल्या मंडळींना हे पाणी गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. कोकणात गरवण्याची सवय असलेली माणसं इथे फ्लाय रॉड हातात घेतात आणि मासा लागला नाही की फेक कमी पडते असं समजतात. फेकीचा दोष क्वचितच असतो. आधी फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेलं नकली भक्ष्य, बघा.

केस जास्त झाले

नव्वद टक्के गोंधळ इथेच, असं माझं ठाम मत आहे. बॉब क्लाउझर यांनी सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बास या माशासाठी 1980 च्या दशकात बांधलेली क्लाउझर मिनो ही फ्लाय आज स्ट्रायपरवाल्याच्या प्रत्येक डबीत असते. पण बहुतेक डब्यांत ती भरगच्च असते. हरणाच्या शेपटीचे केस, म्हणजे बकटेल, चिमटीत घट्ट दाबल्यावर एका रंगाची जुडी आगपेटीच्या काडीएवढी भरली पाहिजे. तेवढीच खाली पांढरी, तेवढीच वर हिरवट-पिवळी, मधे चमकीचे चार-सहा धागे. बस्स. फ्लाय उजेडाकडे धरली तर पलीकडचं दिसायला हवं.

व्हाइसमध्ये, म्हणजे बांधताना गळ धरणाऱ्या पकडीत, अशी फ्लाय दरिद्री दिसते. दिसू द्या. स्ट्रायपर ज्यावर तुटून पडतो ती सँड ईल नावाची लांबट मासळी बोटापेक्षा बारीक असते. शिवाय दाट केस पाणी अडवतात, मग फ्लायला बांधलेल्या जड डोळ्यांच्या वजनाने फ्लायचं नाक खाली जाऊन जी डुबकी बसायला हवी ती बसत नाही. ओली झाल्यावर फेकायलाही जड.

जुडी विरळ घेऊनही पिंजारत असेल तर केस शेपटीच्या बुडाजवळचे आहेत. ते जास्त पोकळ असतात, दोरा आवळला की फुलतात. मधल्या भागापासून टोकाकडचे घ्या.

डोळे फिरतात, फ्लाय आडवी पोहते

डंबेलच्या आकाराचे हे डोळे थेट गळाच्या गुळगुळीत दांड्यावर बांधले तर दोन-तीन माशांत हलतात. आधी दांड्यावर दोऱ्याचा थर द्या. त्यावर डोळे ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरके वेढे घ्या. मग डोळ्यांच्या खाली, दांड्याच्या वर असे आडवे वेढे ओढून घ्या. या आडव्या वेढ्यांनी आधीचे सगळे वेढे आवळले जातात, आणि हीच पायरी लोक गाळतात. शेवटी सुपरग्लूचा थेंब. जागा गळाच्या नेढ्यापासून दांड्याच्या साधारण एक तृतीयांशावर. अगदी पुढे ढकलले तर डोकं बांधायला जागाच उरत नाही.

बांधून झाल्यावर बादलीत ओढून बघा. गळाचं टोक वर राहून फ्लाय सरळ चालली तर ठीक. कलंडली तर डोळे तिरके आहेत. घरीच सुधारा.

पिसं गळाला गुंडाळतात

ही डिसीव्हर नावाच्या फ्लायची तक्रार. लेफ्टी क्रे यांनी चेसापीकच्या स्ट्रायपरसाठी 1950 च्या दशकाच्या शेवटी ही फ्लाय बसवली. 1991 साली ती अमेरिकेच्या टपाल तिकिटावरही आली. तिची खुबी अशी की लांब पिसं दांड्याच्या मागच्या टोकाला बांधायची आणि पुढून बकटेलची झालर गळाच्या वळणापलीकडे जाईल एवढी ठेवायची. पिसं पुढे बांधली किंवा झालर आखूड कापली की प्रत्येक दुसऱ्या फेकीला गुंता. गुंडाळलेल्या फ्लायला मासा तोंड लावत नाही, म्हणून अधूनमधून तपासत राहा.

मासा ठोकतो, पण लागत नाही

नदीत ट्राउट मासा धरायची सवय असलेले इथे फसतात. ठोका बसला की ते रॉड वर उचलतात आणि फ्लाय माशाच्या तोंडातून निघून येते. रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं, लाइनच्या दिशेने सरळ ठेवा. ठोका कळला की लाइनच्या हाताने लांब, घट्ट ओढ द्या. वजन जाणवेपर्यंत ओढतच राहा. मगच रॉड उचला. ओढ चुकली तरी फ्लाय फूट-दीड फूटच सरकते, आणि मासा पुष्कळदा पुन्हा येतो.

पाणी थांबलेलं असताना तासभर फेकत बसू नका. भरती किंवा ओहोटीची ओढ असेल तेव्हाच स्ट्रायपर वाळूच्या दांड्याच्या टोकाशी, खाडीच्या मुखाशी तोंड करून उभा राहतो. खाडीतून लहान मासळी बाहेर आणणारी ओहोटी मला जास्त भरवशाची वाटते. पहाटे पाण्यात शिरण्याआधी किनाऱ्याला समांतर चार फेकी टाका. आपण जिथे उभं राहायला जातो तिथेच मासे असतात.

मोठा मासा लागला तर मोजपट्टी जवळ हवी. 2023 पासून अमेरिकेच्या पूर्व समुद्रकिनाऱ्यावर 28 ते 31 इंचांमधलाच मासा ठेवता येतो, दिवसाला एक. आपल्या राज्याचा चालू नियम निघण्याआधी बघा. बाकी सगळे सोडायचे, म्हणून गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाका. हात ओले करून मासा आडवा धरा. कडक उन्हाळ्यात पाणी तापलेलं असेल तर फार दमवू नका. दमलेला मासा सोडला तरी पुष्कळदा जगत नाही.

आणि लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला बारीक धागा, कात्रीने कापावा तसा तुटला, किंवा फ्लायची शेपूट निम्मी गायब झाली, तर गाठीला दोष देऊ नका. तो धारदार दातांचा ब्लूफिश मासा आहे. स्ट्रायपरच्या तोंडात अंगठा घालून त्याला धरता येतं, याच्या नाही. लीडरच्या पुढे वायरचा छोटा तुकडा जोडा आणि गळ पक्कडीनेच काढा.