प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदलताना

रिव्हर्समधून पहिल्या गिअरला येताना जीप, जिप्सी किंवा थारखालून 'टक्' वाजलं, किंवा हळू चालवताना लयीत चिवचिव ऐकू आली, तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद अॅक्सलकडे नेणारा फिरता दांडा, हाताने पिळून बघा. क्रॉसपाशी (शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा) ढिलाई किंवा त्याच्या चार टोकांवरच्या कपांच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, की आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून गंजल्या असं समजा.

आधी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. जुन्या जीप आणि लँड रोव्हरचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या अॅक्सलना वाटणारी पेटी) मागे शाफ्टवरच असतो. मागचा शाफ्ट सुटला की तो ब्रेक काही कामाचा नाही.

फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जिथे जोडतात ती चकती), आणि सरकत्या जोडाच्या (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणारा दात्यांचा भाग) दोन्ही भागांवर, रंगाने खुणा करा. हे आळसाने टाळलं जातं. सरकता जोड एक दाता जरी चुकला, तरी दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे भाग) एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी थरथरते. मग दोष नव्या क्रॉसला!

बोल्ट काढून शाफ्ट खाली घ्या. बेंच वाइसमध्ये योक धरा. शाफ्टची नळी धरून ती दाबली गेली तर शाफ्ट बाद. चारही सर्कलिप (कप जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) काढा. कपापेक्षा किंचित लहान सॉकेट एका बाजूला, कप आत मावेल असा मोठा दुसऱ्या बाजूला ठेवून वाइस आवळा; कप बाहेर येतो. नवा क्रॉस घेताना जुना कप सोबत न्या, कारण व्यास आणि लांबी दोन्ही जुळायला हवेत.

नवा कप योकच्या भोकात नुसत्या बोटाने सरकत असेल, तर भोक झिजलंय. पंचाने ठोकून घट्ट करणं हा उपाय नव्हे, योकच बदला.

सुया ग्रीसने भिंतीला चिकटवा. कप दाबताना सर्कलिपची खाच उघडी पडत नसेल, तर एक सुई तळाशी आडवी पडली आहे. ठोकू नका, कप काढून ती उभी करा. सर्कलिप बसल्यावर योकच्या कानांना हलक्या हाताने टोले द्या. कप बाहेर सरकून टेकतात आणि क्रॉस मोकळा फिरतो. ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) ग्रीस गनला पोचेल अशा बाजूला हवा. चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारा.

खुणा जुळवून शाफ्ट चढवा, लॉकनट नवे वापरा. पाण्यातून गाडी काढली असेल, तर परत आल्यावर पुन्हा ग्रीस भरा.