बागेतल्या एकट्या आकृतीचं चित्र कसं वाचावं

चित्रात बागेत एकटीच बाई दिसली, की आपण 'बिचारी, किती एकाकी!' म्हणून मोकळे होतो. एवढी घाई नको. आधी बाग बघा.

मी एक डोळा मिटते, अंगठा समोर धरून ती आकृती झाकते आणि उरलेल्या चित्राचं काय होतं ते बघते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं १८६७ सालचं 'बागेतली स्त्री' घ्या. मूळ चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे, पण चांगली छापील प्रतही चालते. पांढऱ्या पोशाखातली, छत्री घेतलेली बाई डावीकडे उभी आहे. तिला झाकलं तरी बाग विस्कटत नाही, कारण मधल्या गोल वाफ्यातलं फुललेलं गुलाबाचं झाड नजर धरून ठेवतं. कमी होतं ते ऊन. मागच्या गर्द हिरव्यापुढे तो पांढरा पोशाख आहे म्हणूनच ते इतकं लख्ख वाटत होतं. तिचा चेहराही आपल्याला नीट दिसत नाही. मग तिच्या मनातलं दुःख आपण कुठून वाचणार?

आता रागमाला चित्रांतली, म्हणजे रागांना माणसांचं रूप देणाऱ्या लघुचित्रांतली, तोडी रागिणी बघा. उपवनात वीणा घेतलेली नायिका, भोवती हरणं. तिला झाकलं, की हरणं कशासाठी जमली आहेत तेच कळेनासं होतं. इथे सगळं तिच्यासाठी आहे. अशा लघुचित्रांत झाडाला बिलगलेली वेल बहुधा प्रेमिकांच्या मिठीची खूण असते. ती शेजारी असेल तर नायिकेचा विरह आणखी टोचतो. हे एकटेपण चित्रकाराने मुद्दाम रंगवलेलं आहे, आणि मला ते फार भिडतं.

अंगठा काढल्यावर पायवाट कुठे जाते, नजर कुठे लागली आहे, हातात काय आहे, हेही बघून घ्या.

चित्रकाराचं चरित्र मात्र शेवटी वाचा. १८६७च्या उन्हाळ्यात मोने फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या साँत-आद्रेस गावी नातेवाइकांकडे होता आणि त्याची गरोदर प्रेयसी कामीय पॅरिसमध्ये. हे आधी कळलं, तर त्या पांढऱ्या पोशाखात लगेच ताटातूट दिसू लागते. पण चित्रातली बाई कामीय नाहीच. ती मोनेच्या नात्यातल्या घराण्यातली सून, जान-मार्गरित लकाद्र. चरित्रातली गोष्ट चित्रात बोट ठेवून दाखवता आली तरच अर्थ लावताना वापरा. इथे मला ती दाखवता येत नाही, म्हणून मी ती बाजूला ठेवते.