मूव्हर्सची कोटेशनं एकमेकांशी ताडता येत नसतील तर : माझा अनुभव

घर हलवायचं होतं. सामान तेच, अंतर तेच, पण प्रत्येक मूव्हरचा (सामान हलवणाऱ्या कंपनीचा) आकडा वेगळा आणि कशात काय धरलंय ते कळेना. फोनवर विचारलं की 'सगळं धरलंय' एवढंच उत्तर. कमी आकडा धरून घासाघीस केली, तर 'एक्स्ट्रा' वाढले. डोकं उठलं अगदी.

शेवटी हा क्रम कामी आला. आधी सामानाची यादी स्वतः केली, माळ्यावरच्या खोक्यांसकट, आणि सगळ्यांना तीच पाठवली. मग लेखी विचारलं: एस्टिमेट बाइंडिंग की नॉन-बाइंडिंग? बाइंडिंगमध्ये यादी आणि काम बदललं नाही तर आकडा बदलत नाही. नॉन-बाइंडिंग हा निव्वळ अंदाज. त्यानंतर, आकारणी वजनावर की घनफुटावर? वजनावर असेल तर टेअर म्हणजे रिकाम्या गाडीची आणि ग्रॉस म्हणजे भरलेल्या गाडीची, अशा दोन्ही काटापावत्या मागा. ग्रॉसमधून टेअर वजा केलं की उरतं ते नेट, म्हणजे आपलं सामान.

लाँग कॅरी (गाडी दारापासून लांब लागली तर हमाली) आणि शटल (मोठी गाडी आत येत नसेल तर छोटीतून फेऱ्या) यांचे दर आधीच लिहून घेतले. खरी मेख व्हॅल्युएशनमध्ये. सामान मोडलं किंवा हरवलं तर मूव्हर किती भरपाई देईल, त्या जबाबदारीची ती मर्यादा असते, विमा नव्हे; वजनावर बेतलेली असेल तर हलक्या पण महागड्या लॅपटॉपचे हातात फारसे काही पडत नाही.

ही उत्तरं कोटेशनवरच लिहून मागितली. ज्यांनी दिली, त्यांचेच आकडे शेजारी ठेवून पाहिले.