जुन्या सेसना-पायपरची स्ट्रक्चर तपासणी : मालकांनो, या चुका टाळा

धुळ्याजवळचं गोंदूर, शिरपूर, जळगाव. खान्देशातल्या या धावपट्ट्यांवर सेसना, पायपर अशा कंपन्यांची लहान विमानं उडतात ती मुख्यतः शिकाऊ वैमानिकांसाठी. स्ट्रक्चर तपासणीचा, म्हणजे विमानाचा सांगाडा आतून तपासण्याचा विषय निघाला की मालकांचा प्रश्न ठरलेला असतो : "विमान छान उडतंय, मग पंखाचे बोल्ट काढून आत काय बघायचं?" प्रश्न रास्त आहे. खर्च मोठा, विमान दिवसेंदिवस हँगरमध्ये अडकून पडणार, आणि बोल्ट काढताना भोकाला ओरखडा बसण्याची भीतीही खरीच. पण या काळजीपोटी जे निर्णय घेतले जातात, त्यातले काही जिवावर बेतणारे आहेत.

विमानाचं वय सालावरून मोजणं

सर्वांत घातक चूक हीच. 4 एप्रिल 2018 रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथे पायपर पीए-28 जातीच्या प्रशिक्षण विमानाचा डावा पंख हवेतच निखळला. विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही गेले. विमान 2007 सालचं, म्हणजे जेमतेम अकरा वर्षांचं. पण त्याचं उड्डाण 7,690 तासांचं झालं होतं आणि लँडिंग 33,000 च्या वर. मुख्य स्पारच्या (पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या तुळईच्या) खालच्या पट्टीला, बोल्टच्या भोकापाशी, ताणाने तडा गेला होता. बाहेरून तो दिसणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, 2020-26-16 क्रमांकाचा सुरक्षा निर्देश काढला. पीए-28 आणि पीए-32 मालिकेतल्या ठरावीक मॉडेल्सना तो लागू आहे. त्यातला हिशेब प्रत्येक मालकाने एकदा स्वतः कागदावर मांडावा. शंभर तासांच्या जितक्या तपासण्या झाल्या, त्या आकड्याला 100 ने गुणायचं (अशा तपासण्या प्रशिक्षण किंवा भाड्याच्या विमानांच्या होतात, म्हणून हा आकडा जास्त ताणाचे तास दाखवतो). उरलेल्या तासांना 17 ने भागून ते त्यात मिळवायचे. समजा दोन विमानं प्रत्येकी 7,000 तास उडालेली आहेत. एकाच्या शंभर तासांच्या 60 तपासण्या झाल्यात, त्याचे तास भरतात 6,059. दुसरं घरगुती वापरातलं, तपासण्या फक्त 10, त्याचे भरतात 1,353. मर्यादा 5,000 ची. म्हणजे पहिल्याला एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने धातूतला न दिसणारा तडा शोधणारी) करावीच लागेल, दुसऱ्याला अजून बराच अवकाश आहे. दिवसभर सर्किट मारणारं, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी घेत पुन्हा पुन्हा उतरणारं प्रशिक्षण विमान पहिल्या गटात मोडतं, हे वेगळं सांगायला नको.

लॉगबुक न बघता सौदा करणं

विमान तिसऱ्या-चौथ्या हाताने आलेलं असतं आणि मधल्या काही वर्षांच्या नोंदीच नसतात. "तेवढ्याने काय होतं" म्हणून विषय सोडून देऊ नका. वरच्या निर्देशात नोंदी गहाळ किंवा अपुऱ्या असतील, तर तासांचा हिशेब बाजूला ठेवून तपासणी करावी लागते. हा खर्च सौद्याच्या किमतीत आधीच धरा.

"भाऊ, आपल्याकडे समुद्र कुठाय?"

गंजाचं नाव काढलं की हे उत्तर मिळतं. खान्देश कोरडा आहे हे खरं, पण विमान आज इथे आहे. आधी कुठे होतं? जुहूला उघड्यावर काढलेले पावसाळे त्याच्या सांध्यांत तसेच राहतात. 26 मे 2019 रोजी ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ सेसना 210 चा पंख तुटून दोघांचा बळी गेला. तडा सुरू झाला होता तो गंजाच्या एका बारीक खड्ड्यापासून. हे विमान जमिनीलगत सर्वेक्षणाचं काम करायचं. खालच्या हवेतले धक्के स्पारला जास्त ताण देतात, म्हणूनच सेसनाच्या पूरक तपासणी दस्तऐवजात (जुन्या विमानांसाठी कंपनीने दिलेल्या जादा तपासण्यांच्या यादीत) अशा वापरासाठी मुदती कडक ठेवल्या आहेत. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारच्या उकळत्या हवेत विमान किती उसळतं, हे इथल्या प्रत्येक वैमानिकाला माहीत आहे.

पंखाखालची पाणी निचऱ्याची भोकं काळ्या मातीने किंवा गांधीलमाशीच्या घरट्याने बुजलीत का, ते हाताने तपासा. रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या) मागे काळपट ओघळ दिसला, तर तो रिव्हेट सैल होऊन हलत असल्याची शक्यता धरा. रंगाला फुगे आले किंवा सांध्यात पांढरी भुकटी दिसली, तर थेट इंजिनिअरला दाखवा. तपासणीआधी नवा रंग मारून घेणं तर पूर्ण टाळा. खुणा झाकल्या जातात.

"कंपनीचा सल्ला आहे, सक्ती थोडीच आहे"

निर्देश आणि उत्पादकाचा दस्तऐवज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्देश पाळावाच लागतो. उत्पादकाच्या सूचनांचं काय करायचं, हे तुमच्या मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅमवर अवलंबून असतं. तेव्हा कॅमोकडून, म्हणजे विमानाच्या देखभालीचं नियोजन आणि नोंदी सांभाळणाऱ्या मंजूर संस्थेकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी गप्पांवर जाऊ नका. सेसनाच्या मुदती तास आणि वर्षं अशा दोन्ही मापांत आहेत, आणि जे आधी भरेल ते धरायचं. त्यामुळे वर्षभर झाकून ठेवलेलं विमानही यातून सुटत नाही.

बोल्टच्या भोकाची भीती असेल, तर काम स्वस्तात उरकणाऱ्याला देऊ नका. निर्देशात सांगितलेले तेवढेच बोल्ट काढायचे, भोक स्वच्छ करताना धातू खरवडायचा नाही, बोल्ट परत बसवताना मॅन्युअलमधलाच टॉर्क (आवळण्याचा जोर) द्यायचा. एडी करंटवाला तंत्रज्ञ बाहेरून येणार असेल, तर दोन-तीन मालकांनी मिळून एकच तारीख धरा, येण्याजाण्याचा खर्च वाटला जाईल. पावसाळ्यात ढगांमुळे उड्डाणं तशीही कमी होतात. तारीख तेव्हाची हवी असेल, तर उन्हाळ्यातच त्याच्याशी बोलून ठेवा.