फाइल सर्व्हरचा डेटा कुठे ठेवावा: लिनक्सवर या चुका टाळा

सांबा किंवा एनएफएस (नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या सेवा) बसवताना शेअरसाठी, म्हणजे इतरांना खुल्या करायच्या फाइलींसाठी, डिरेक्टरी निवडण्याचे काम घाईत उरकले जाते आणि डेटा रूट पार्टिशनवरच, म्हणजे खुद्द लिनक्स असलेल्या डिस्कच्या भागावर, साठू लागतो. ते पार्टिशन भरले की शेअरबरोबर लॉग, अपडेट आणि डेटाबेसही अडतात. त्यामुळे डेटासाठी वेगळे पार्टिशन किंवा एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे विभागणारी व्यवस्था) व्हॉल्यूम घेणे ही पहिली गरज आहे.

जागेबाबत एफएचएस हे, कोणत्या डिरेक्टरीत काय असावे ते ठरवणारे, मानक स्पष्ट आहे. 2015 च्या 3.0 आवृत्तीनुसार सर्व्हर जो डेटा इतरांना पुरवतो त्यासाठी '/एसआरव्ही' आहे, तर '/एमएनटी' केवळ तात्पुरत्या माउंटसाठी (डिस्क एखाद्या डिरेक्टरीला जोडण्यासाठी) आहे. तात्पुरत्या फाइलींच्या '/टीएमपी' चा तर विचारही करू नये. एखाद्याच्या '/होम' मधील डिरेक्टरी शेअर केल्यास वेगळीच अडचण येते: शेअरची परवानगी बरोबर असूनही वरच्या डिरेक्टरीत प्रवेश बंद असल्याने इतरांना नकार मिळतो. अशा वेळी 'नेमआय' ही कमांड 'एल' पर्यायासह चालवावी. मार्गातील प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते.

सर्वांत घातक चूक मात्र माउंटची आहे. डिस्क माउंट झाली नाही तरी तिच्यासाठी केलेली रिकामी डिरेक्टरी जागेवर असतेच, सेवा सुरू होते आणि लोक त्याच डिरेक्टरीत, म्हणजे प्रत्यक्षात रूट पार्टिशनवर, फाइली ठेवत राहतात. पुढे डिस्क माउंट झाली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. पार्टिशनची एकूण जागा सांगणारी 'डीएफ' कमांड जागा भरलेली दाखवते, पण फाइलींचा आकार मोजणाऱ्या 'डीयू' ला ती सापडत नाही. रूट फाइलसिस्टम दुसरीकडे बाइंड माउंट केली, म्हणजे आणखी एका डिरेक्टरीला जोडली, की त्या पुन्हा दिसतात. हे टाळण्यासाठी एफस्टॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलमध्ये) डिस्कचे बदलू शकणारे नाव न देता यूयूआयडी हा तिचा कायम ओळख क्रमांक द्यावा, डिस्क काढलेली असताना रिकाम्या डिरेक्टरीला 'सीएचॲटर' कमांडने अपरिवर्तनीय करावे आणि सिस्टमडीच्या (सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) सेवेत 'रिक्वायर्स माउंट्स फॉर', म्हणजे माउंट झाल्याशिवाय सेवा सुरू करू नये, ही अट घालावी. एफस्टॅबमध्ये 'नोफेल' लिहिले असेल तर ही अट अधिकच आवश्यक ठरते, कारण तेव्हा डिस्कविनाही यंत्रणा निमूटपणे सुरू होते.

फेडोरा किंवा रेड हॅटवर सगळ्या परवानग्या योग्य असूनही नकार येत असेल, तर एसईलिनक्सचे (परवानग्यांपलीकडील सुरक्षा व्यवस्थेचे) फाइलीवरील लेबल तपासावे. त्यासाठी एसईलिनक्स बंद करणे हा उपाय नव्हे. 'सीएचकॉन' कमांडने थेट दिलेले लेबल पुढच्या रिलेबलमध्ये पुसले जाऊ शकते, म्हणून 'सेमॅनेज' ने लेबलचा नियम नोंदवून तो लागू करणारे 'रिस्टोअरकॉन' चालवावे. जुना डेटा नव्या जागी 'एमव्ही' ने हलवल्यास जुनी लेबले सोबत येतात, तेव्हा हलवल्यानंतरही 'रिस्टोअरकॉन' चालवणे आवश्यक आहे.