सिंहली राज्याच्या परराष्ट्र व्यापारावर लिहिताना या चुका टाळा

मध्ययुगीन श्रीलंकेच्या परराष्ट्र संबंधांवरचे मराठी लेख छपाईपूर्वी तपासण्याचे काम माझ्याकडे नेहमी येते, आणि त्यांत एक विधान हमखास भेटते: पोलोन्नारुवाचा राजा पहिला पराक्रमबाहू (1153–1186) याने ब्रह्मदेश जिंकला. हे विधान चुकीचे आहे. चूलवंस या पाली बखरीनुसार तिथल्या राजाने हत्तींची किंमत वाढवली, पुढे त्यांची विक्रीच थांबवली, सिंहली दूतांचा छळ केला आणि कंबोजाकडे (कंबोडियाकडे) निघालेली सिंहली राजकन्या वाटेत पकडली. तेव्हा आरमार रवाना झाले, वादळात त्याची पांगापांग झाली, तरी पोहोचलेल्या मोजक्या जहाजांनी राजाला ठार करून विजय मिळवला. श्रीलंकेतील देवनगलच्या शिलालेखात मात्र कित नुवरगल या सेनानीला मोहिमेबद्दल जमीन इनाम दिल्याचे, ब्रह्मदेशातील कुसुमिया बंदरावर हल्ला झाल्याचे आणि पुढे तह झाल्याचेच येते. म्हणजे हल्ला खरा, भांडणाच्या मुळाशी हत्तींचा व्यापार, पण ब्रह्मदेशात सिंहली राजवट कधीच बसली नाही.

एका तरुण लेखकाने दिवाळी अंकातील लेखासोबतच्या नकाशात ब्रह्मदेशाचा दक्षिण किनारा सरळ सिंहली साम्राज्याच्या रंगात रंगवला होता. तिथे सुभेदार कोण होता, सारा कोण वसूल करत होते, असे मी विचारले, तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हते. परंतु अंक छापायला जायची घाई होती आणि नकाशा तसाच गेला. पुढे दुसऱ्याच एका लेखात तो नकाशा पुरावा म्हणून माझ्यासमोर आला. घाईने छापलेली चूक अशी आधार बनते, म्हणून नवख्यांची अधीरता मला या विषयात अक्षम्य वाटते. माझी सवय अशी की वहीच्या डाव्या पानावर बखरीतले आणि उजव्या पानावर शिलालेखातले लिहायचे. जे फक्त डावीकडे उरते, ते ‘चूलवंस सांगतो’ असे म्हटल्याशिवाय लेखात घ्यायचे नाही.

दुसरी चूक म्हणजे युद्धे आणि नजराणे यांतच परराष्ट्र धोरण संपले असे मानणे. जाफन्याजवळच्या नैनातीवू बेटावरील पराक्रमबाहूचा तमिळ शिलालेख निदान एकदा तरी वाचावा. हत्ती-घोडे घेऊन येणारे जहाज फुटले, तर मालाचा एक चतुर्थांश सरकारजमा आणि तीन चतुर्थांश मालकाला; इतर व्यापारी माल असेल, तर निम्मा-निम्मा. लष्कराला लागणारी जनावरे आणणाऱ्याला दिलेली ही सवलत राज्याची गरज इतकी स्पष्ट दाखवते, की त्यापुढे दरबारी स्तुतीची पाने मला फिकी वाटतात.

नंतरच्या काळातले दालचिनीचे वर्चस्व सरसकट मागच्या शतकांवर लादू नये. 1283 मध्ये यापहुवा या तेव्हाच्या राजधानीहून सिंहली राजा पहिला भुवनैकबाहू याचे दूत कैरोला इजिप्तचा मामलुक सुलतान कलावून याच्याकडे पोहोचले. त्यांच्या पत्रातील यादीत मोती, रत्ने, हत्ती, कापड आणि पतंगाचे (लाल रंग देणाऱ्या झाडाचे) लाकूड आहे, आणि दालचिनी त्यांतली केवळ एक जिन्नस आहे.

‘श्रीलंकेचा राजा’ एवढेच लिहून थांबू नये. चौदाव्या शतकात उत्तरेकडील जाफन्याचे तमिळ राजे आर्यचक्रवर्ती स्वतंत्रपणे सत्ता आणि व्यापार चालवत होते, आणि 1344 मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता त्यांच्याकडेच उतरला होता.

गालेचा 1409 चा त्रैभाषिक शिलालेख म्हणजे एका मजकुराची तीन भाषांतरे नव्हेत. चिनी मजकूर बुद्धाला, तमिळ मजकूर तेनवरै नायनार या हिंदू देवाला (विष्णूच्या रूपाला) आणि फारसी मजकूर इस्लामच्या अल्लाहला उद्देशून आहे, मात्र अर्पण केलेल्या वस्तूंच्या याद्या जवळपास सारख्या आहेत. चिनी आरमारप्रमुख झेंग हे याच्या ताफ्याने तिन्ही समाजांना एकाच वेळी राजी राखण्याचा हा प्रयत्न केला, तरी 1411 च्या सुमारास त्याच ताफ्याने स्थानिक सत्ताधीश अळगक्कोनार याला कैद करून चीनला नेले, हे सोयीस्करपणे गाळू नये.

पोर्तुगीजांच्या आगमनाचे वर्ष काही ठिकाणी 1505 तर काही ठिकाणी 1506 आढळते. एकच ठासून लिहिण्यापेक्षा दोन्ही नोंदवावीत. तेव्हा कोलंबोला उतरलेला पोर्तुगीज सेनानी लोरेन्सो द आल्मेदा पुढे 1508 मध्ये आपल्या चौलच्या लढाईत मारला गेला, हे मराठी वाचकाला आवर्जून सांगावे.