जुनी गाडी घेताना आधी सीट बेल्ट ओढा, मग बॉनेट उघडा

कोल्हापुरात जुनी गाडी बघायला गेलात की पहिल्यांदा आत बसा आणि पुढचा सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. अगदी रीळ संपेपर्यंत. रोजच्या वापरात त्याचा शेवटचा हातभर भाग कधी बाहेर येत नाही, त्यामुळे गाडी धुणाऱ्याचा हातही तिथवर पोचत नाही. गाडी पुरात उभी राहिली असेल तर त्या पट्ट्यावर चहाच्या डागासारखी आडवी रेघ दिसते. बोटानं चोळलं तर बारीक गाळ हाताला लागतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. शाहूपुरी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर या भागांत तळमजल्याच्या पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून परत रस्त्यावर आल्या. पुरातली गाडी विकण्यात काही गैर नाही. गिऱ्हाइकाला न सांगता विकणं मात्र गैर आहे.

मी स्वतः यात पोळलो आहे. २०२० च्या दिवाळीनंतर सहा वर्षांची एक छोटी गाडी घेतली. रनिंग कमी, आतून चकाचक, चंदनाच्या अत्तराचा वास. पुढच्या पावसाळ्यात आंबा घाटात, दाट धुक्यात, दोन्ही हेडलाइट एकदम गेले. मागच्या सीटवर आई आणि मुलगी. मोबाइलच्या उजेडात कडेला घेऊन थांबलो, तो अर्धा तास अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं डाव्या पायाशी असलेला वायरिंगचा जोड सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. तांब्याच्या पिना मोरचूद चढल्यासारख्या हिरव्यानिळ्या झाल्या होत्या. तो एवढंच म्हणाला, "साहेब, ही गाडी पाण्यात बसल्याली हाय."

तेव्हापासून "कुठल्या कंपनीची गाडी टिकते?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, समोरची गाडी कुठं उभी असायची आणि कुणी सांभाळली? एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो ओळखता येतो. फक्त क्रम पाळायचा.

कागद घरी बसून बघा

मालकाकडून आरसी, विम्याच्या जुन्या पॉलिसी आणि सर्व्हिसची बिलं मागवून घ्या. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलनं थकली आहेत का, हे परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून दिसतं. बोजा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तर हा खर्च किमतीत धरा.

विम्याच्या पॉलिसीत नो क्लेम बोनसचा आकडा असतो. एकही क्लेम नसेल तर तो दर वर्षी २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढतो. क्लेम घेतला की पुढच्या पॉलिसीत शून्य. म्हणून २०१९ आणि २०२१ नंतरच्या पॉलिसी शेजारी ठेवून वाचा. ४५ वर असलेला आकडा पुरानंतरच्या नूतनीकरणात शून्यावर आला असेल, तर मालकाला सरळ विचारा. तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडेही बघा.

गाडी थंड असतानाच बघा

सकाळी लवकर जा, आणि "मी आल्यावरच चालू करा" असं फोनवर आधीच सांगून ठेवा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर चहा घ्या, थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिन बरंच काही लपवतं.

रेडिएटरचं झाकण थंड इंजिनावरच उघडायचं, गरम असताना कधीही नाही, हात भाजतो. आत रंगीत कूलंट असावं. गंजाचं लाल पाणी दिसलं तर मालकानं वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतलं आहे. मग ऑइलचं झाकण काढून आतली बाजू बघा. तिथं दुधाळ, सायीसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात झाकणाला थोडी साय येते, तेवढ्यानं घाबरू नका. पण डिपस्टिकवरही (ऑइल मोजायच्या पट्टीवर) तोच रंग दिसला तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, गेलं असं धरून सौदा सोडा.

आता चालू करा आणि सायलेन्सरच्या मागे उभे राहा. पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर ही वाफ असते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पेट्रोल गाडीनं काळा मारला तर इंधन जास्त जातंय, हे त्यातल्या त्यात सोपं दुखणं.

पुराची तपासणीही याच वेळी उरकून घ्या. स्टेपनीखालचा खड्डा, सीटच्या रुळांचे स्क्रू, डॅशबोर्डच्या खालचे वायरिंगचे जोड, कार्पेट उचलून खालचा फोम. नवं कार्पेट आणि गंजलेले स्क्रू एकत्र दिसले की मला आणखी काही बघायची गरज वाटत नाही.

जोतिबाच्या चढाला न्या

शहरातल्या शहरात एक फेरी मारून गाडी कळत नाही. केर्लीहून जोतिबाच्या डोंगरावर न्या. रविवार सोडून जा, त्या दिवशी गर्दीत चाचणी होत नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी मात्र तेवढी उचलली नाही, तर क्लच प्लेट घसरते. तापमानाचा काटा मध्यावर येऊन तिथंच राहिला पाहिजे. वर पोचल्यावर एसी लावून दहा मिनिटं उभी ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप लागतो का, बंद होतो का, ते ऐका.

खरी परीक्षा उतारावर असते. गिअरमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरा. त्या वेळी इंजिनात जोराची ओढ तयार होते आणि व्हॉल्व्हची सीलं झिजली असतील तर तिथून ऑइल आत ओढलं जातं. सपाटीला आल्यावर पाय दाबा आणि आरशात बघा. निळा भपकारा निघाला तर दोष सीलांचा. चढावर दम लागताना सतत निळा निघत होता, तर मात्र पिस्टन रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. दोन्हीच्या खर्चात फार मोठा फरक आहे. शंका आली तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. एखादाच बराच खाली असेल तर दुखणं तिथं आहे.

इंजिन काढावं लागलं तरी कोल्हापूरकरानं लगेच खचून जाऊ नये. माझे मामा उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगच्या मशिनवर तीस वर्षं उभे राहिले. फाउंड्री आणि लेथच्या या गावात झिजलेला सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज (थोडा मोठा) पिस्टन बसवून देणारे हात आजही आहेत. फक्त विचारा, आधी एकदा बोअर झालाय का आणि कुठल्या साइझपर्यंत. ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन बसवून झाला असेल तर पुढं फार वाव राहत नाही.

पत्रा

गाडी ठोकलेली आहे का हे नट सांगतात. पुढच्या मडगार्डच्या आणि बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग पान्यानं उडालेला असेल तर ते भाग कधीतरी सुटले आहेत. दाराचं रबर थोडं बाजूला करा. खाली कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक जिथं पत्र्याला चिकटत नाही तिथं पुट्टी आहे. कोकण पासिंगची गाडी असेल तर खालून नक्की बघा, खारी हवा पत्रा खाते.

घेतल्यावर पहिला महिना

"गाडी चांगली चाललीय, कशाला हात लावा?" हा विचार सोडा. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. मारुती ८०० किंवा जुन्या सँट्रोसारख्या गाडीत टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा रबरी पट्टा) असतो. तो बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी एवढं जुनं रबर घाटरस्त्याला नको. या सगळ्यासाठी किमतीचा पाचवा हिस्सा मी आधीच बाजूला काढून ठेवतो.

एप्रिल २०२३ च्या आधीच्या, म्हणजे बहुधा २० टक्के इथेनॉलसाठी न बनवलेल्या, पेट्रोल गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या हातानं चाचपून बघा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं, आणि जुनं रबर त्यात फुगतं, चिकट होतं. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी नळी बदला, आग लागायला वेळ लागत नाही. इथेनॉल ओलावाही ओढतं, म्हणून अशी गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

आणि एक वही ठेवा. तारीख, रनिंग, काय बदललं, कुणी बदललं. मिस्त्री शक्यतो एकच धरा आणि काढलेला पार्ट परत मागा, रागानं नाही, शिकण्यासाठी. चांगला मिस्त्री तो हातात देऊन कुठं झिजला ते दाखवतो.

पावसाळ्याच्या आधी

मे महिन्यात काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा आणि दारांच्या तळाची भोकं साफ करा. ती तुंबली की पाणी थेट पायाशी उतरतं. पाऊस लागला की बंधाऱ्याच्या पातळीवर लक्ष ठेवा. इशारा पातळी ३९ फूट आहे. तुमच्या गल्लीत पाणी येत असेल तर ४३ ची वाट बघू नका, त्याच संध्याकाळी गाडी उंचावरच्या पाहुण्याकडे नेऊन लावा.

एवढं करूनही पाणी चढलंच, तर ओसरल्यावर किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आणि एका स्टार्टरमध्ये कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकू शकतो. बॅटरीची वायर सोडवा, पाणी कुठवर चढलं होतं त्याचा फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या.